एकशे चौदा पावलांचं गवत

गायकवाडकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते भर दुपारी, हातात स्टीलची पट्टी घेऊन. दार उघडल्या उघडल्या त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, तुमचा दाढीचा ब्रश किती जुना आहे?"

आम्हाला त्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आठच दिवस झाले होते. सतीशला वाटलं, सोसायटीचा काही नियम असेल. तो निमूट आत गेला आणि ब्रश घेऊन आला. काकांनी तो उजेडात धरला, केसांवरून अंगठा फिरवला, पट्टी लावली. "बावीस मिलिमीटर. टोकं पिवळी पडलीत. दिवाळी झाल्यावर माळ असतो ना, तस्सा रंग. देता का?"

सतीशने दिला. दुसरं करणार काय?

तिसऱ्या दिवशी काकांनी तो ब्रश परत आणला, एका बाटलीच्या बुचावर. म्हणजे बुचावर चिमूटभर माती होती आणि मातीतून वाळक्या गवताचा एक झुपका वर आला होता, एका अंगाला किंचित कललेला, आत्ताच वारा येऊन गेल्यासारखा. बुडाशी मुंगी दिसते का, म्हणून मी वाकून पाहिलं. मग तो खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी भांड्यांना येणाऱ्या मंदाताईंनी तो उचलून तुळशीच्या कुंडीत लावला आणि वर पाणी घातलं.

मी भीतभीतच काकांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की विचारू नका. "पाणी घातलं? खरंच? बाई, एवढी वर्षं सरकारी नोकरी केली, असं सर्टिफिकेट कुणी दिलं न्हाय!"

बाई म्हणजे मी. मी शाळेत शिकवते, त्यामुळे बिल्डिंगभर माझं तेच नाव. काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. जमीन मोजणीच्या खात्यात होते. भिवंडी तालुक्यातलं एकही शेत नसेल, ज्याच्या बांधावर ते साखळी घेऊन उभे राहिले नसतील. आता त्यातल्या निम्म्या शेतांवर गोदामं आहेत. नोकरी सुटली, पण भाषा राहिली. कुणी फार बडबड केली की काका हात वर करून म्हणतात, "हद्दीत बोला." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य त्यांनी सेक्रेटरींना इतक्या वेळा ऐकवलंय, की सेक्रेटरी आता घरी बायकोलाही तेच म्हणतात आणि पस्तावतात.

गवताचं वेड कसं लागलं, तर दातांमुळे. ठाण्याच्या एका दातांच्या डॉक्टरकडे काका कवळीचं माप द्यायला गेले. आतल्या खोलीत टेबलावर लढाई मांडलेली होती. बोटाच्या पेराएवढे सैनिक, टेकड्या, पडकी घरं, हिरवा माळ. मोठमोठी शिकलेली माणसं रविवारी जमून फासे टाकत अशा लढाया खेळतात, हे काकांना तेव्हाच कळलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते सगळं टेबल न्याहाळून, तोंडात मापाचा साचा असताना, एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तुमचं गवत खोटं हाय."

"मग खरं करून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून काकांच्या घरात गवत उगवतंय.

ते कसं उगवतं, हे मी एकदा पाहिलं आणि नंतर दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. कृती तशी साधी. खालच्या गल्लीतल्या लूमवाल्या शफीकभाईंकडून नायलॉनचा उरलेला धागा आणायचा, कपड्याच्या रंगात बुडवून वाळवायचा, आणि कात्रीने बाजरीच्या दाण्याएवढा बारीक कापायचा. शफीकभाई पहिल्यांदा म्हणाले होते, "गायकवाड साहब, पतंग उडाओगे क्या इस उमर में?" काका म्हणाले, "नहीं भाई, घास उगाना है." तेव्हापासून शफीकभाई धागा देतात आणि पुढे काही विचारत नाहीत.

तर बटरपेपरवर गोंदाचे ठिपके घालायचे. डास मारायची रॅकेट असते ना, तिची जाळी काढून तिथे चहाची गाळणी बसवलेली. (ती गाळणी आमची. परत आली तेव्हा हिरवी होती.) रॅकेटची एक तार कागदाखाली ठेवलेल्या पत्र्याला. गाळणीत धाग्याचा चुरा. काकांनी बटण दाबलं आणि गाळणी ठिपक्यांवर धरली.

चुरा खाली पडला नाही. तो उडाला. एकेक तंतू गोंदात टोकावर रुतला आणि ताठ उभा राहिला. शंभर, हजार, सगळे एकदम, कुणीतरी नाव घेतल्यासारखे. गाळणी हलवली तशी ती पाती तिच्याकडे माना वळवत होती. आणि माझ्या हातावरची लव उभी राहिली होती. विजेमुळे, की कशामुळे, मला सांगता येणार नाही.

"घाबरलं की उभं राहतं," काका हळूच म्हणाले. "माणसाचं पण तसंच."

मी म्हटलं, "काका, मी निघते. कुकर लावायचाय."

हे झुपके वाळल्यावर चिमट्याने सोलून काका डबीत भरतात आणि डॉक्टर ते आपल्या लढाईवाल्या मित्रांना वाटतात. पुण्याहून, बंगळुरूहून मागणी येते. कोवळं गवत, चरलेलं गवत, पाणथळीतलं गवत, जळून पुन्हा फुटलेलं गवत, असे चाळीसएक प्रकार. गवताच्या बाबतीत काका कुणाची भीड ठेवत नाहीत. ते बौद्ध, घरात बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती सोडली तर पूजाअर्चा नाही. पण सोसायटीच्या गणपतीला प्रसाद घ्यायला येतात. एका वर्षी आरती संपता संपता ते मूर्तीपाशी वाकले, दूर्वांची जुडी न्याहाळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या दूर्वा न्हाईत. लव्हाळा हाय. बाजारात फसवलंय तुम्हाला." सेक्रेटरींचा चेहरा पडला. मग काकाच चप्पल घालून बाहेर पडले आणि अर्ध्या तासात कुठूनशा खऱ्या दूर्वा घेऊन आले. मोजून एकवीस, प्रत्येक तीन पात्यांची. भिवंडीत कुठल्या गटाराच्या काठाला काय उगवलंय, हे त्यांना पाठ आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे. आम्ही हसायचोही.

पण काकांच्या आतल्या खोलीत एक फळी होती. पलंगाएवढी, चादर घालून झाकलेली. एकदा मी खिचडी द्यायला गेले तेव्हा चादर बाजूला होती. फळीवर नुसता माळ होता. घर नाही, झाड नाही, सैनिक तर नाहीच. कंबरभर वाटेल असं पिवळसर गवत, एका बाजूला थोडं उंच, दुसरीकडे उताराला लागलेलं. आणि वरच्या टोकापासून गवत आडवं पाडत गेलेली एक वाट. कुणीतरी आत्ताच चालत गेल्यासारखी. ती मधोमध येऊन थांबली होती. पुढे गवत जसंच्या तसं उभं.

"इथून माणूस कुठे गेला?" मी सहज विचारलं.

काकांनी चादर हातात घेतली, पण घातली नाही. बाहेर लूम खडखडत होते. मग म्हणाले, "तेच तर."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा ती फळी बदललेली असायची. कधी गवत जास्त वाळकं, कधी वाटेची रुंदी कमी. काका गवत उपटून पुन्हा लावायचे. पण वाट तिथेच संपायची. एकदा ते चिमट्याने पाती आडवी करत होते, आणि मला पाहून चिडून म्हणाले, "माझं गवत उभं राहतं, आडवं पडतं, पण आडवं पडलेलं परत उठत न्हाय. गोंद हाय ना. इथेच अडतंय सगळं."

मी खिचडीचं भांडं तसंच धरून उभी होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मग हकिगत सांगितली.

त्यांचं गाव खारबावच्या बाजूचं. आईबाप लवकर गेले. दहा वर्षांनी मोठी बहीण, शेवंती. तिला ते अक्का म्हणत. अक्का गवत कापायला जायची. त्या काळी इकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. भारे वाहून वाहून तिने धाकट्या भावाला शिकवलं, नोकरीला लावलं. नोकरीचा कागद आला त्याच आठवड्यात, दसरा झाल्यावर, एका दुपारी ती विळा घेऊन माळावर गेली आणि परत आली नाही.

"संध्याकाळी मी शोधायला गेलो. गवतात तिची वाट दिसत होती. मी तिच्या पावलांवर पाऊल टाकत गेलो. एकशे चौदा पावलं. पुढे काय न्हाय. गवत उभं. आजूबाजूला एक पात वाकलेली न्हाय. विळा न्हाय, चुंबळ न्हाय, रक्त न्हाय. जसं काय कुणी वरून उचलून नेली."

"मग?"

"गाव म्हणाला, चकव्याने नेली. भर दुपारी बाया त्या माळावर जायच्या बंद झाल्या. अजून म्हातारी माणसं सांगतात. माळ कुठे राहिलाय म्हणा. गोदाम हाय आता तिथे. मी मोजणीदार झालो. सगळ्या तालुक्याच्या हद्दी लावल्या. हिची तेवढी लागली न्हाय."

हे ऐकून मी घरी आले आणि सतीशला सांगितलं. तो हसला नाही.

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले असतील. मी शाळेतून येत होते. काकांनी मला जिन्यात गाठलं आणि सेक्रेटरी शेजारी उभे असताना मोठ्याने विचारलं, "बाई, तुमचं वजन किती?"

सेक्रेटरींनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "त्रेपन्न."

"जमेल. साडी नेसाल? उद्या रविवार हाय. खारबावला यायचं. गवतातून चालून दाखवायचं, बस."

सतीश म्हणाला, "जा, पण मोबाइल चार्ज करून जा."

रिक्षाने आम्ही गेलो. स्टेशनच्या अलीकडे आत वळून काकांनी एक माळ दाखवला. कुणाचा तरी पडीक प्लॉट. वरचा भाग मुरमाड, गवत पिवळं पडलेलं. खाली उताराला ओल, तिथे अजून हिरवट. "तसाच उतार हाय," काका म्हणाले. "जागा शोधायला सहा वर्षं गेली. बरोबर बाराला निघा. सरळ पलीकडच्या पायवाटेला जायचं आणि रस्त्याने फिरून परत यायचं. मधे थांबायचं न्हाय. मागे बघायचं न्हाय."

"का?"

"तिने बघितलं न्हाय."

हे त्यांना कसं ठाऊक, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

मी चालू लागले. गवत कंबरेपर्यंत. साडीला कुसळं लागत होती. वीसएक पावलांवर मला कसलंतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि लक्षात आलं, आवाज नाही. भिवंडीत राहणाऱ्या माणसाच्या कानात लूम कायम चालू असतो, तो बंद झाला होता. फक्त गवत माझ्याभोवती सळसळत होतं, आणि मी थबकले की तेही थबकल्यासारखं वाटे. नको म्हटलं तरी मी पावलं मोजत होते. शंभर. एकशे दहा. एकशे चौदाव्या पावलाला माझे पाय आपोआप भरभर पडू लागले. मागून कुणीतरी बघतंय, अशी पाठीला जाणीव होती. अर्थात बघतच होतं. काका होते. पण मानेवरचे केस काही खाली बसेनात.

पायवाटेला लागले तेव्हा दोनशे नऊ झाली होती.

रस्त्याने फिरून परत आले, तर काका एका शिरीषाखाली माळाकडे पाठ करून बसलेले. "आता संध्याकाळपर्यंत बघायचं न्हाय," ते म्हणाले. आम्ही डबा खाल्ला. त्यांनी मला लव्हाळा आणि नागरमोथा यातला फरक समजावून सांगितला. मी दोन झोपा काढल्या. काका एकदाही वळले नाहीत.

ऊन कललं तसे ते उठले. "चला."

वरच्या कडेपाशी माझी वाट होती. पिवळं गवत मोडून आडवं पडलेलं, साडीच्या घेराएवढं रुंद. काका पुढे, मी मागे. ते मोठ्याने मोजत होते. नव्वदीपर्यंत वाट स्पष्ट. मग हिरवट भाग लागला. आडवी पाती अर्धवट वर आलेली. आणखी थोडं गेलो. शंभराच्या जरा पुढे काका थांबले.

पुढे वाट नव्हती.

गवत उभं होतं, शांत, एकसारखं. मी त्यातून चालले होते. माझ्या साडीला तिथली कुसळं अजून लागलेली होती. आणि तरी कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई इथवर आली आणि इथून नाहीशी झाली. मी माझे हात एकमेकांवर चोळले. आपण आहोत ना, एवढी खात्री करून घ्यायला.

"उठलं," काका कुजबुजले. "ओलं गवत उठलं. वरचं वाळकं, ते मोडलं, पडून राहिलं. खालचं उठलं. दुपारी गेली, मी संध्याकाळी आलो. म्हणजे ती पुढे गेली, बाई. तिथं काय झालं न्हाय तिला. ती चालत गेली. गाडीरस्त्याकडे."

मी म्हटलं, "काका, पण तुम्हाला कळलं असतं ना? ती गवत कापायला आली होती. रस्त्याकडे कशाला जाईल?"

काका खाली बसले. गवतात त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

"विळा घरात होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"विळा घरात, खुंटीला होता. तो मी विहिरीत टाकला. गावाला सांगितलं, विळा घेऊन गेली. आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, 'दिनू, तुझं मार्गी लागलं आता. मी माझं बघू का?' कल्याणला कुणी होता. गवताच्या गाडीवर यायचा. चांगला माणूस. मी हसलो. म्हटलं, तू कुठे जाणार या वयात? दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसलेलो. ती समोरून निघाली. हातात गाठोडं. गवतात शिरताना एकदा वळून बघितलं माझ्याकडे. मी काय म्हणालो माहीत हाय?"

"काय?" मी विचारलं.

"मी ओरडलो, 'अगं, संध्याकाळच्या भाकऱ्या कोण करील?'"

खालच्या बाजूने एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत काका थांबले.

"मग तिने मागे बघितलं न्हाय. मला वाटलं, येईल. रुसलीय. भूक लागली तेव्हा शोधायला गेलो. आणि वाट अशी मधेच संपलेली. लोक चकवा म्हणाले. मी व्हय म्हणालो. मग कल्याणला कुणी गेलंच न्हाय शोधायला. मी पण न्हाय. पहिली दोन वर्षं मी खोटं बोलत होतो, ते मला कळत होतं. मग आपलंच खरं वाटायला लागलं. रात्रंदिवस वाटायचं, खरंच काहीतरी आलं असेल, खरंच नेली असेल. मीच तिला चकव्याच्या तोंडी दिली. एवढं गवत लावलं, बाई, ते ह्याच्यासाठी. ती जिवंत त्या माळातून बाहेर पडली का, एवढंच मला पाहिजे होतं."

"पडली, काका," मी म्हटलं. "मी पडले ना."

त्यांनी माझ्या साडीला लागलेली कुसळं पाहिली. एक कुसळ ओढून काढलं, बोटांत फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या पात्याला पट्टी लावली नाही.

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि वाट जिथे संपली होती तिथून पुढे चालू लागले. सत्तरीला आलेला माणूस, हळूहळू, गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत. उतार होता. अंधारायला वेळ होता, पण परतीची रिक्षा मिळायची तर निघायला हवं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

काका एकदा वळले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हाक मारली नाही. हात वर करून म्हटलं, "जा, काका. सावकाश जा."